गोवंडीतला ज्युनिअर डॉक्टर सराव कुणावर करतो? बोलणारा पुतळा, टॅबलेट आणि पहिली तीन मिनिटं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा, रात्रीचे पावणेदोन. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या चाचांना आम्ही तिघांनी रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. कोणत्या, ते इथे महत्त्वाचं नाही. कॅज्युअल्टीत एकच डॉक्टर होता, माझ्याच वयाचा, फार तर पंचवीसचा. चाचांचा श्वास अगदी मंद झाला होता. पोराने काय झालंय ते लगेच ओळखलं, सिस्टरला अँबू बॅग आणायला सांगितलं. बॅग आली, पण तिला लावलेला मास्क लहान मुलाचा होता. मोठा मास्क शोधायला किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला अर्धा तास वाटला, खरं तर अर्धा मिनिट गेला असेल.

चाचा वाचले. आज परत दुकानात बसतात आणि मला 'डॉक्टरसाब का दोस्त' म्हणून चिडवतात. पण त्या रात्री सगळं उरकल्यावर तो डॉक्टर बेसिनपाशी हात धूत होता, तेव्हा मी थँक्यू म्हणायला गेलो. तो म्हणाला, "एकट्याने पहिल्यांदाच केलं, भाई."

हे 'पहिल्यांदाच' माझ्या डोक्यातून गेलं नाही. प्रत्येक डॉक्टरची पहिली वेळ कुणावर तरी येणारच. ती कुणावर यावी? आमच्यासारख्या वस्तीतल्या एखाद्या चाचांवर, की रबराच्या पुतळ्यावर? आजचा विषय तोच आहे: सिम्युलेशन ट्रेनिंग. मोबाइल, सेन्सर आणि सॉफ्टवेअर यांचा त्यात बराच हात आहे, म्हणून ते आपल्या साइटवर.

आधी विमान, मग पुतळा

सिम्युलेशन हा शब्द गेम खेळणाऱ्यांना नवा नाही. फ्लाइट सिम्युलेटर तुमच्यापैकी अनेकांनी लॅपटॉपवर उडवला असेल. त्याची सुरुवात १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लिंक या माणसाने केली. त्याच्या घरचा धंदा ऑर्गन बनवण्याचा. ऑर्गनमध्ये हवेच्या दाबाने हलणारे भाते असतात, तेच वापरून त्याने जमिनीवर डुलणारं खोटं विमान तयार केलं. सुरुवातीला त्याला जत्रेतल्या खेळण्यासारखं वागवलं गेलं. १९३४ मध्ये टपाल नेताना खराब हवामानात लष्करी वैमानिक एकामागून एक मेले, तेव्हा मात्र अमेरिकी लष्कराने ती यंत्रं विकत घेतली.

वैद्यकातही सुरुवात खेळण्यांपासूनच झाली. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावात आस्मुंड लेर्डाल नावाचे बाहुल्या बनवणारे गृहस्थ होते. तोंडाने श्वास देण्याचं आणि छाती दाबण्याचं तंत्र त्या काळात नवीन होतं आणि ते शिकवायला मऊ प्लास्टिकचा पुतळा हवा होता. लेर्डाल यांनी १९६० मध्ये 'रेसुसी अ‍ॅन' बनवली. तिचा चेहरा पॅरिसमध्ये सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला, असं सांगितलं जातं. १९६७ मध्ये अमेरिकेत 'सिम वन' आला. कॉम्प्युटरवर चालणारा, श्वास घेणारा, डोळ्यांची उघडझाप करणारा पुतळा. कॉम्प्युटर तेव्हा इतके महाग होते की ती कल्पना बरीच वर्षं तिथेच अडकली.

आजचा पुतळा काय काय करतो?

याला मॅनेकिन म्हणतात. साधा असेल तर फक्त डोकं आणि छाती, आत स्प्रिंग. महागडा असेल तर पूर्ण शरीर. छातीखाली हवेच्या पिशव्या असतात, त्या फुगल्या की श्वास दिसतो. मनगटात, मानेत नाडी लागते. बाहुल्या टॉर्चच्या उजेडात लहान होतात. फुप्फुसाचे आवाज स्टेथोस्कोपने ऐकू येतात आणि एका बाजूचा आवाज बंदही करता येतो. हाताला सलाइन लावता येते. आणि तो बोलतो. म्हणजे काचेपलीकडे बसलेले सर माइकवरून बोलतात, "डॉक्टर, मला गुदमरतंय."

सरांच्या हातात टॅबलेट असतो (गोळी नव्हे, आपला नेहमीचा). त्यावर स्लायडर सरकवला की पुतळ्याच्या शेजारच्या मॉनिटरवर रक्तदाब घसरतो, ऑक्सिजनचा आकडा ९४ वरून ८१ वर येतो, बीपचा आवाज बदलतो. आता समोरच्या इंटर्नने ठरवायचं. अ‍ॅनाफिलॅक्सिस आहे, म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी? मग मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, आणि लगेच. आधी दुसरंच इंजेक्शन शोधत बसला, तर सर स्लायडर आणखी खाली ओढतात. पुतळा बोलायचा थांबतो.

पुस्तकात ही सगळी माहिती आहेच. ती डोक्यात असणं वेगळं आणि मॉनिटर केकाटत असताना हातात येणं वेगळं. तुम्ही बाइक चालवायला यूट्यूबवर शिकलात का? तसंच.

खरी मजा, म्हणजे खरा त्रास, त्यानंतर सुरू होतो. दहा-पंधरा मिनिटांचा प्रसंग संपला की सगळे गोल बसतात आणि व्हिडिओ लावला जातो. याला डीब्रीफिंग म्हणतात आणि ते प्रसंगापेक्षा जास्त वेळ चालतं. "तू अ‍ॅड्रेनलिन द्या म्हणालास. कुणाला म्हणालास?" व्हिडिओत दिसतं की तो हवेत बोलला, दोन्ही सिस्टरना वाटलं दुसरी देईल. म्हणून सवय लावतात ती अशी: नाव घेऊन सांगायचं, समोरच्याने तेच परत म्हणायचं, दिल्यावर "दिलं" म्हणायचं. ऐकायला बालवाडी वाटते. पण इमर्जन्सीतल्या बऱ्याच चुका माहिती नसल्यामुळे होत नाहीत, कुणी काय करायचं हे न ठरल्यामुळे होतात. चाचांच्या वेळचा मास्क आठवा.

याने जीव वाचतात का? बेळगाव आणि नागपूरचं उत्तर

इथे जरा थांबायला हवं, कारण टेक्नॉलॉजी आली की लगेच 'क्रांती' म्हणायची आपली सवय आहे.

२०११ मध्ये 'जामा' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात ६०९ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. ज्ञान, कौशल्य आणि प्रत्यक्ष वागणं यांत सिम्युलेशनने मोठा फरक पडतो, रुग्णांच्या तब्येतीवर होणारा परिणाम मात्र मध्यम, असा त्याचा निष्कर्ष होता. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकतो, त्या प्रसंगाचा सराव तिथे सगळ्या स्टाफला पुतळ्यावर करायला लावला. अशा प्रसंगात बाळाला इजा होण्याचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं.

पण मला आपल्या जवळचं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' नावाचा एक कार्यक्रम आहे, २०१० मध्ये सुरू झालेला. बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, एवढंच शिकवतो. त्यासाठी 'निओनॅटली' नावाची बाहुली वापरतात. आत बॅटरी नाही, कॉम्प्युटर नाही. बाहुलीत पाणी भरलं की तिला नवजात बाळाचं वजन येतं. शिकवणारी बाई रबरी फुगा दाबून बाळाची नाळ धडधडवते, श्वास चालवते, रडवते.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी या बाहुलीवर ग्रामीण आरोग्य केंद्रांतल्या आणि शहरी रुग्णालयांतल्या ५९९ जणांना शिकवलं. २०१३ मध्ये निकाल छापून आला. मृत जन्मलेल्या बाळांचं प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर उतरलं होतं. यातली काही बाळं खरं तर मेलेली नसतात, फक्त श्वास घेत नसतात आणि कुणी प्रयत्न न केल्यामुळे 'मृत' म्हणून नोंदली जातात. म्हणजे हा फरक हातांनी केला. पण त्याच अभ्यासात जन्मानंतरच्या दिवसांतले बालमृत्यू जवळपास तेवढेच राहिले. पुढे बेळगाव, नागपूर आणि केनियातलं एल्डोरेट असा मोठा अभ्यास झाला, त्यात तर सरसकट सुधारणा दिसलीच नाही. कमी वजनाच्या बाळांमध्ये आपल्याकडच्या दोन ठिकाणी थोडा फायदा दिसला.

माझ्या मते हा निकाल निराशेचा नाही, प्रामाणिक आहे. ट्रेनिंग एकदा दिलं, सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, की काम संपत नाही. छाती दाबण्याचं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत गंजायला लागतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणून आता जगभर 'थोडं थोडं, पण वारंवार' या पद्धतीकडे कल आहे. वर्षातून एकदा दिवसभराची कार्यशाळा घेण्यापेक्षा दर काही आठवड्यांनी दहा मिनिटं. जिमसारखं.

नियम काय म्हणतात

कागदावर भारत मागे नाही. २०१९ च्या एमबीबीएस बॅचपासून कौशल्यावर आधारलेला नवा अभ्यासक्रम आला आणि प्रत्येक मेडिकल कॉलेजात स्किल्स लॅब असणं बंधनकारक झालं. २०२३ च्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड कार्डिअ‍ॅक लाइफ सपोर्टचा कोर्स करून सर्टिफिकेट घ्यावंच लागतं.

म्हणजे लॅब आहे कुठे? कॉलेजात. मुंबई महापालिकेपुरतं बोलायचं तर केईएम, सायन, नायर, कूपर. गोवंडीचं पंडित मदन मोहन मालवीय शताब्दी रुग्णालय, आपण सगळे ज्याला नुसतं 'शताब्दी' म्हणतो, ते उपनगरी रुग्णालय. घाटकोपरचं राजावाडीही तसंच. कॉलेज नाही, म्हणून लॅबचा नियमही नाही. पण इमर्जन्सी काही कॉलेज बघून येत नाही. १३ मे २०२४ ला छेडा नगरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. जखमींची रांग लागली ती राजावाडीत. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना एकाच वेळी ठरवायचं होतं की आधी कुणाकडे बघायचं. याला ट्रायाज म्हणतात, आणि त्याचा सराव ऐनवेळी कसा करणार?

गोवंडी ज्यात येते तो एम-पूर्व वॉर्ड मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांमध्ये तळाला होता. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवर इथूनच पसरला आणि लहान मुलं दगावली. लसीकरण सुरू झाल्यापासून गोवर इतका कमी झाला होता की धाप लागलेलं गोवराचं मूल नवीन डॉक्टरांच्या समोर क्वचितच येतं. जे क्वचित येतं आणि आलं की जिवावर येतं, त्यासाठीच सिम्युलेशन असतं. रोजच्या सर्दी-खोकल्यासाठी पुतळा लागत नाही.

शताब्दीत कॉलेज आलं तर?

२०२५ मध्ये महापालिकेने शताब्दी रुग्णालयात खासगी भागीदारीतून वैद्यकीय महाविद्यालय आणण्याच्या हालचाली सुरू केल्या. कर्मचारी संघटना आणि स्थानिक लोकांनी विरोध केला. मोफत उपचारांचं काय होणार, हा त्यांचा मुख्य प्रश्न, आणि तो रास्तच आहे. बातम्यांमध्ये चर्चा खाटांची आणि दरांची झाली. मी त्यात एक बारीक प्रश्न घालू इच्छितो.

कॉलेज आलं की नियमाने स्किल्स लॅब येणारच. चकचकीत काचेची, एसीची, पाहणीच्या दिवशी फोटो काढायची. ती कुणासाठी उघडी असेल? फी भरलेल्या विद्यार्थ्यांसाठीच, की रात्रीच्या ड्युटीवरच्या महापालिकेच्या डॉक्टरांसाठी, सिस्टरसाठी आणि १०८ अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या डॉक्टरांसाठीसुद्धा? महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली आणि तिच्यावर डॉक्टर असतात, त्यांतले बरेच आयुर्वेदाचे पदवीधर. पहिली तीन मिनिटं बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला येतात. करारात हे लिहिलं नसेल, तर लॅबला कुलूप लागेल आणि चावी 'मॅडमकडे' असेल. सरकारी ऑफिसात गेलेल्या माणसाला ही मॅडम माहीत असते.

आणि दुसरं. आयात केलेल्या सॉफ्टवेअरमधला पेशंट कोण असतो? पन्नाशीचा माणूस, छातीत दुखतंय, इंग्रजी बोलतो, नातेवाईक बाहेर शांत बसलेत. गोवंडीचा प्रसंग असा नसतो. इथे टीबीचा जुना पेशंट खोकताना एकदम वाडगाभर रक्त टाकतो. देवनार डम्पिंगला आग लागली की दम्याची माणसं येतात. जानेवारी २०१६ मध्ये तो धूर कित्येक दिवस हटला नव्हता. नवव्या महिन्यातली बाई झटके येताना येते आणि तिची फाइल गावाला, उत्तर प्रदेशात असते. बुरख्यातल्या किंवा साडीतल्या बाईची छाती दाबायची वेळ आली तर नव्या डॉक्टरचा हात क्षणभर अडखळतो, कारण त्याने सराव केलेला पुतळा सपाट छातीचा आणि उघडा होता. भोवती आठ नातेवाईक, चार भाषा आणि त्यातला एक व्हिडिओ काढतोय. हे सगळं सरावात आणता येतं. नातेवाइकाचं काम करायला एक वॉर्डबॉय पुरतो, तो तर कुठल्याही नटापेक्षा भारी करेल.

यासाठी काचेची खोलीही लागत नाही. 'इन सिटू' सिम्युलेशन म्हणून प्रकार आहे: पुतळा उचलून सरळ कॅज्युअल्टीतल्या रिकाम्या खाटेवर ठेवायचा आणि तिथल्याच स्टाफने, तिथल्याच ट्रॉलीतून सामान काढून केस हाताळायची. यात डॉक्टरांच्या आधी रुग्णालयाची परीक्षा होते. लॅरिंगोस्कोपचा बल्ब लागत नाही, ऑक्सिजन सिलिंडरची चावी दोरीने दुसऱ्या खाटेला बांधलेली आहे, मोठ्यांचा मास्क कपाटात आहे. ही भगदाडं खऱ्या पेशंटच्या आधी सापडतात. मला विचाराल तर शताब्दीसारख्या ठिकाणी लाखो रुपयांच्या बोलक्या पुतळ्याआधी हे सुरू व्हावं. अडचण पैशाची कमी आणि वेळेची जास्त आहे. सलग चोवीस तास ड्युटी केलेल्या रेसिडेंटला 'आता अर्धा तास पुतळ्याशी खेळ' म्हणालात तर तो पुतळ्याशेजारी झोपेल. सरावाचा वेळ ड्युटीत धरला तरच तो होईल.

व्हीआर हेडसेटचं काय, असं कमेंटमध्ये विचारणार आहातच. निर्णयाचा सराव त्यावर चांगला होतो, पाहिजे तितक्या वेळा केस परत खेळता येते. 'फुल कोड'सारखे डॉक्टरांसाठीचे केस-गेम तर फोनवरही आहेत. पण मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला की नाही, हे बोटांना कळतं, हेडसेटला नाही.

तुमच्या फोनचा संबंध

मागच्या वर्षी एका शिबिरात मी स्वतः पुतळ्याची छाती दाबली. हा छोटा पुतळा ब्लूटूथने फोनला जोडलेला होता आणि अ‍ॅपवर प्रत्येक दाब दिसत होता. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची असते, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. मी जिमला जातो, वाटलं सहज होईल. पहिलं मिनिट बरं गेलं. दीड मिनिटानंतर खोली कमी होत गेली, मला मात्र वाटत होतं की मी तेवढंच दाबतोय. ग्राफ खोटं बोलत नव्हता. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. बाजूला एक बारावीतली मुलगी होती, तिचा स्कोअर माझ्यापेक्षा चांगला आला. ती गुडघे पुतळ्याला चिकटवून, कोपर सरळ ठेवून वजन टाकत होती, मी नुसते दंड वापरत होतो.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसांसाठी 'कॉल्स' नावाची सोपी पद्धत २०१७ मध्ये आणली. त्यात तोंडाने श्वास द्यायचा नसतो, फक्त छाती दाबायची आणि मदत बोलवायची. माणूस हलवून हाक मारली तरी जागा होत नाही आणि श्वास नीट नाही, तर १०८ लावा, फोन स्पीकरवर टाका आणि छातीच्या मधोमध सुरू करा. शॉक मिळायला उशीर होतो, त्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. गोवंडी स्टेशनच्या फाटकाजवळच्या ट्रॅफिकमधून अ‍ॅम्ब्युलन्स यायला किती मिनिटं लागतात, ते तुम्हीच मोजा.

फोनमध्ये मेट्रोनोमचं कोणतंही फुकट अ‍ॅप घ्या, ११० वर ठेवा आणि एक जाड उशी जमिनीवर ठेवून दोन मिनिटं दाबून बघा. मी हे घरी केलं तेव्हा अम्मीने विचारलं, उशीने काय बिघडवलंय. मग तिनेही करून पाहिलं. चाळीस सेकंद टिकली, आणि म्हणाली की रविवारी चाचांना पण बोलव, त्यांचे हात इस्त्रीने मजबूत आहेत.